हेडफोनची एक बाजू गेली आणि माल्कम यंग सापडला

मंद्रसप्तक

मंडळी, माझ्या हेडफोनची एक बाजू महिनाभर आचके देत होती. वायर ठरावीक कोनात धरली की आवाज यायचा, सोडली की जायचा. शेवटी ती बाजू पूर्णच मेली. नवा घ्यायचा आळस, म्हणून आठवडाभर एका कानावर भागवलं.

त्या आठवड्यात एसी/डीसी हा रॉक बॅण्ड लावला आणि दचकलो. अँगस यंग जवळजवळ गायब! या बॅण्डच्या बहुतेक रेकॉर्डवर दोन भावांच्या गिटारी दोन बाजूंना वाटून दिलेल्या असतात. माझ्या जित्या कानाच्या वाट्याला थोरला आला, म्हणजे माल्कम. गाणारा आहे, ड्रम आहेत, बेस आहे आणि ही एक गिटार. गंमत म्हणजे गाणं लंगडं वाटेना. अँगसचा सोलो पलीकडे कुठेतरी चालू असणार, पण माझ्या कानात एक माणूस तेच चार ठोके न थकता, न चुकता देतोय.

पंचवीस वर्षं हा बॅण्ड ऐकतोय. एवढ्या वर्षांत पाहिलं ते अँगसलाच. शाळेचा गणवेश, अर्धी चड्डी, टोपी, मंचभर धावाधाव. मागे ड्रमच्या शेजारी टी-शर्ट आणि जीन्समध्ये एक किरकोळ माणूस उभा असायचा. कोरसची ओळ आली की दोन पावलं पुढे येऊन माइकवर ओरडायचा आणि परत जागेवर. त्याच्याकडे माझं लक्षच नव्हतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: जन्म ६ जानेवारी १९५३, ग्लासगो. १९६३ मध्ये कुटुंबासह ऑस्ट्रेलियात. १९७३ मध्ये सिडनीत बॅण्ड काढला. २०१४ मध्ये स्मृतिभ्रंशामुळे थांबला. १८ नोव्हेंबर २०१७ रोजी सिडनीतच गेला, वय ६४.

आता प्रश्न. 'माल्कम हा बॅण्डचा पाया होता' असं सगळेच म्हणतात. पण पाया म्हणजे नेमकं काय हो? तो नसता तर काय ऐकू आलं नसतं? की गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलायचं म्हणून बोलतात? जाणकारांनी उजेड पाडावा.

रिकामटेकडा

पहिला! जागा धरून ठेवतो. धागा नंतर वाचेन.

खवचट_काका

पाया वगैरे ठीक आहे, पण इमारत कुठली? पन्नास वर्षं एकच गाणं नाव बदलून विकलं या भावांनी. तीन कॉर्ड, एक ठोका, वर एक जण घसा फाडतोय. माझा पुतण्या सहा महिन्यांत वाजवायला शिकला. हेडफोनची दुसरी बाजू गेली असती तरी काही बिघडलं नसतं.

बेसूर_बाबू

काकांचा प्रतिसाद आला, धागा शंभरी गाठणार. चहा टाकून आलोच.

सहा_तारा

@खवचट_काका, पुतण्याला एकदा 'बॅक इन ब्लॅक'ची सुरुवात वाजवायला सांगा आणि ती रेकॉर्ड करून ऐका. ई, डी, ए. तीन कॉर्ड (एकदम छेडायचे स्वरसमूह), तुम्ही म्हणता तेवढेच. पण त्यांच्या मधे जी रिकामी जागा आहे ती बघा. पुतण्या तिथे हमखास घाई करणार किंवा तार नीट दाबून गप्प करणार नाही, आणि मागचा कॉर्ड पुढच्या जागेत गळत राहणार. माल्कमचा कॉर्ड कात्रीने कापल्यासारखा संपतो. मी बावीस वर्षं गिटार वाजवतोय, तरी ती शांतता मला अजून येत नाही.

मंद्रसप्तक, तुमच्या प्रश्नाचं उत्तर थोडं तांत्रिक आहे, तेव्हा लांबण लावतो.

पहिली गोष्ट गिटार. १९६३ ची ग्रेच जेट फायरबर्ड. थोरला भाऊ जॉर्ज आणि त्याचा जोडीदार हॅरी वांडा यांच्याकडून मिळालेली. माल्कमने तिचा रंग खरवडून काढला आणि ब्रिजजवळचा एक पिकअप (तारांची कंपनं टिपणारा भाग) सोडून बाकी सगळं उपटून टाकलं. नंतरच्या फोटोंत त्या गिटारीच्या अंगावर नुसती भोकं दिसतात. लोक गिटारीत भर घालत जातात, हा कमी करत गेला. पुढे ग्रेच कंपनीने त्याच्या नावाचं मॉडेल काढलं.

दुसरी गोष्ट तारा. रॉकवाले साधारण ९ किंवा १० चा सेट लावतात, म्हणजे सगळ्यात बारीक तार इंचाच्या हजार भागांतले नऊ-दहा भाग जाड. अँगस ९ चा लावतो. माल्कम १२ ते ५६ लावायचा, त्यात तिसरी तारही गुंडाळलेली. या तारा ओढून खेचून सोलो वाजवायच्या कामाच्या नाहीत, बोटं सोलतात. पण कॉर्डवर झपकन हात मारला तर त्या डगमगत नाहीत. सूर वर सरकत नाही, जागच्या जागी उभा राहतो.

तिसरी गोष्ट सगळ्यांना चकवणारी. त्याच्या आवाजात फारसा गेन नाही. ॲम्प्लिफायर मार्शलचा, पण गेन बेताचा. मोकळ्या तारांचे साधे कॉर्ड, जे पहिल्या महिन्यात शिकवतात तेच. जड आवाज म्हणजे फरफर आवाज, असं समजून पोरं गेन पूर्ण वर चढवतात आणि मग म्हणतात, रेकॉर्डसारखं का येत नाही?

आभा_

लेख छानच, पण आमच्यासारख्यांनी गेन म्हणजे काय समजायचं? वजनकाटा?

सहा_तारा

@आभा_, हाहा. सोपं करून सांगतो. ॲम्प्लिफायरमध्ये सुरुवातीच्या टप्प्यालाच सिग्नल इतका फुगवायचा की तो त्या सर्किटमध्ये मावत नाही, वरून खालून छाटला जातो आणि आवाज फाटतो. तो फाटकेपणा म्हणजेच रॉक गिटारचा तो करकरीत आवाज. गेन जितका जास्त, तितका आवाज फाटका आणि लांब रेंगाळणारा. त्यात एक सोय आहे. हळू मारलं काय, जोरात मारलं काय, सगळं सारखंच ऐकू येतं, चुका झाकल्या जातात. गेन कमी ठेवला की हात उघडा पडतो. प्रत्येक फटक्याचा जोर, वेळ, दोन तारा आधी लागल्या की चार, सगळं चव्हाट्यावर. माल्कम पन्नास हजार माणसांसमोर असा उघड्या हाताने वाजवायचा.

आभा_

समजलं! म्हणजे मेकअप न करता स्टेजवर जाणं. दंडवत.

पेटीवाली

मला गिटारमधलं ओ की ठो कळत नाही. मी तबल्याच्या एकलवादनाला पेटीवर लेहरा धरते. धागा वाचताना मात्र वाटलं, अरे, हा तर आमचा माणूस!

लेहरा म्हणजे ठरलेल्या आवर्तनाची एक छोटी धून. तबलजी पाऊण तास आकाशपाताळ एक करतो आणि मी पाऊण तास तीच सोळा मात्रांची धून वाजवते. लोकांना वाटतं, यात काय आहे! त्यात हे आहे की तबलजी मुद्दाम आडवा जातो, तुम्हाला फसवायला बघतो, लोक टाळ्या वाजवतात, आणि तुमच्या मनात एकदा जरी आलं की 'आपणही जरा सजवून बघू', तर तो समेवर येऊन पडेल तेव्हा खाली कुणी नसेल. लेहरा धरणाऱ्याने कंटाळायचं नसतं, हीच त्यातली विद्या. कार्यक्रमपत्रिकेत नाव खाली बारीक अक्षरात असतं. कधी कधी तेही चुकलेलं.

मंद्रसप्तक

@पेटीवाली ताई, मला दोन दिवस जे नीट सांगता येत नव्हतं ते तुम्ही सांगितलंत.

तोडीस_तोड

ताईंचा मुद्दा सुंदर आहे, पण थोडी असहमती नोंदवतो. लेहरा धरणारा धून बांधत नाही, ती परंपरेतून येते. माल्कम नुसता धरणारा नव्हता, बांधणारा होता. बॅण्डचे कितीतरी रिफ, म्हणजे गाण्यात फिरून फिरून येणाऱ्या गिटारच्या ओळी, मूळ त्याचे. 'बॅक इन ब्लॅक'चा रिफ त्याने टेपवर करून ठेवला होता आणि हा ठेवू की टाकू असं अँगसला विचारत होता, हे अँगसनेच सांगितलेलं आहे. टाकला असता तर काकांना आज कुणावर टीका करायची सोय राहिली नसती.

आणि सुरुवातीला तोही सोलो वाजवायचा. पहिल्या ऑस्ट्रेलियन अल्बमवर, म्हणजे १९७५ च्या 'हाय व्होल्टेज'वर, काही सोलो दोघांनी वाटून घेतलेत. मग त्याने ते काम धाकट्यावर सोपवलं. येत नव्हतं म्हणून मागे उभा नव्हता, तर मागची जागा त्याने निवडलेली होती.

पेटीवाली

मान्य. मग आमच्यापेक्षा वरचढच निघाला. :)

खवचट_काका

हे म्हणजे पाण्यात मीठ टाकून त्याला समुद्र म्हणायचं झालं. तबल्याच्या एकलवादनाशी या धांगडधिंग्याची तुलना? पेटीवाली ताई, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती.

पेटीवाली

काका, समेवर येणं कळायला घराणं लागत नाही.

बेसूर_बाबू

हहपुवा (हसून हसून पुरेवाट). काकांची विकेट.

दक्षिणायन

सिडनीत अठरा वर्षं राहतोय, म्हणून थोडी भूगोलाची भर घालतो.

यंग मंडळी ग्लासगोच्या क्रॅनहिल भागातली. आठ भावंडं. सात भाऊ आणि एक बहीण मार्गारेट. १९६२-६३ चा तो हिवाळा ब्रिटनमधला कुप्रसिद्ध हिवाळा होता. त्याच्यानंतर, १९६३ मध्ये, कुटुंब ऑस्ट्रेलियाला निघालं. इथे आल्यावर आधी सिडनीच्या पश्चिमेला व्हिलावूडचं स्थलांतरितांचं वसतिगृह, अर्धगोल पत्र्याच्या बराकी. नंतर बरवूडला घर.

आता बघा नशीब कसं असतं. त्याच व्हिलावूडमध्ये थोरल्या जॉर्जची गाठ हॅरी वांडा नावाच्या डच पोराशी पडली आणि त्यातून इझीबीट्स हा बॅण्ड उभा राहिला. १९६६ चं त्यांचं 'फ्रायडे ऑन माय माइंड' इंग्लंडपर्यंत गाजलं. म्हणजे माल्कम तेरा वर्षांचा असताना घरातच एक पॉप स्टार. आणि मग काही वर्षांतच त्याच घराने उतरती कळाही पाहिली. इझीबीट्स कर्जात बुडाले आणि १९६९ मध्ये फुटले. माल्कमचा नंतरचा करडेपणा, हिशेबीपणा, बाहेरच्या माणसावर पटकन विश्वास न टाकणं, याचं मूळ मला तिथे दिसतं. हे अर्थात माझं मत.

जॉर्ज आणि वांडा यांनीच पुढे एसी/डीसीचे सुरुवातीचे अल्बम सिडनीतल्या अल्बर्ट स्टुडिओत निर्माते म्हणून केले. तेव्हा 'पाया कोण' हा प्रश्न विचारायचाच तर पायाच्या खालचा खडक जॉर्ज.

माल्कमने शाळा सुटल्यावर काही काळ ब्रेसियरच्या कारखान्यात शिलाई मशीन दुरुस्तीचं काम केलं. आणि बॅण्डचं नाव? बहिणीने शिलाई मशीनवर 'एसी/डीसी' लिहिलेलं पाहिलं आणि सुचवलं. अँगसच्या गणवेशाची कल्पनाही तिचीच. पहिला कार्यक्रम ३१ डिसेंबर १९७३ ला इथल्या चेकर्स क्लबात. माल्कमला एकवीस पूर्ण व्हायला सहा दिवस होते, अँगस अठराचा.

रिकामटेकडा

एका शिलाई मशीनवर एवढा मोठा बॅण्ड उभा राहिला आणि आमच्या घरातल्या मशीनवर फक्त इस्त्रीचे कपडे साठतात.

आभा_

म्हणजे नाव बहिणीचं, गणवेश बहिणीचा, आणि प्रसिद्धी भावांची. याच्यावर वेगळा धागा काढू का?

बेसूर_बाबू

@आभा_, काढाच. मी काकांना घेऊन येतो.

रस्त्याच्या_कडेने

अवांतर: मेलबर्नमध्ये कॉर्पोरेशन लेन नावाची गल्ली होती, तिला २००४ मध्ये बॅण्डचं नाव दिलं. पण रस्त्यांच्या नावांच्या नियमात तिरकी रेघ बसत नाही, म्हणून पाटीवर नुसतं 'एसीडीसी लेन'. बॅण्डच्या नावातली वीज एका कलाकाराने पाटीच्या वर वेगळी लावून दिली. पाट्या इतक्या वेळा चोरीला गेल्या की विचारू नका.

माद्रिदजवळ लेगानेस गावातही त्यांच्या नावाचा रस्ता आहे. २००० साली उद्घाटनाला माल्कम आणि अँगस दोघे हजर होते. तिथली पाटी तर त्याच दिवशी पळवली. या बॅण्डचे चाहते पाट्या जमवणारे दिसतात.

मंद्रसप्तक

पाट्या चोरणारे इथे कुणी असतील तर माल्कमच्या नावाची एक मला द्या.

ओवी_

सगळं कौतुक वाचलं. संगीताबद्दल वाद नाही. पण वारसा म्हणता तेव्हा शब्दांचं काय? यांची निम्मी गाणी बायकांबद्दल ज्या भाषेत बोलतात ती आज ऐकवत नाही. मी कॉलेजात असताना नाचलेय यांच्यावर, शब्द कळत नव्हते तेव्हा. मग कळले. आता ताल आवडतो आणि तोंड वाकडं होतं, दोन्ही एकदम.

तोडीस_तोड

मुद्दा रास्त आहे. पण शब्द माल्कमचे कुठे होते? आधी गायक बॉन स्कॉट लिहायचा, मग त्याच्या जागी आलेला ब्रायन जॉन्सन.

ओवी_

@तोडीस_तोड, अर्धसत्य. १९९० च्या 'द रेझर्स एज' अल्बमपासून शब्दही दोघे भाऊच लिहायचे. आणि त्याआधीही बॅण्डचा मालक कोण होता? कोण राहणार, कोण जाणार, कुठलं गाणं कुठे, सगळं ज्याच्या हातात होतं, त्याला फक्त शब्दांपुरतं निर्दोष ठरवता येणार नाही. चांगल्याचं श्रेय मागे उभ्या असलेल्याला द्यायचं तर बाकीचंही त्याच्याच खात्यात मांडा.

तोडीस_तोड

बरोबर. माघार.

सहा_तारा

ओवी_ यांच्या 'मालक' शब्दाला धरून. हा माणूस गोड वगैरे अजिबात नव्हता. १९७७ मध्ये बेसवाला मार्क इव्हान्सला काढलं, त्याच्या जागी क्लिफ विल्यम्स आला. १९८३ मध्ये ड्रमर फिल रडची माल्कमशी बाचाबाची होऊन रवानगी झाली. पण तोच रड १९९४ मध्ये परत आला, कारण माल्कमला हवा तो ठोका दुसरं कुणी देईना. राग एका बाजूला, ताल एका बाजूला.

बॉन स्कॉट १९ फेब्रुवारी १९८० ला लंडनमध्ये गेला. दु:खात घरी बसून काय करायचं, चल रिफवर काम करू, असं म्हणत माल्कमनेच अँगसला फोन केला. मार्च संपता संपता नवा गायक, मग बहामाजमधल्या नासाऊत रेकॉर्डिंग, निर्माता मट लँग, आणि २५ जुलैला 'बॅक इन ब्लॅक' अल्बम बाजारात. पाच महिने आणि काही दिवस. काळं कव्हर, सुरुवातीला घंटा. सुतक पाळलं, पण काम करत पाळलं.

खवचट_काका

बाकी काही असो, पाच महिन्यांत हे करणं सोपं नाही. एवढं देतो. (कॉर्ड मात्र तीनच.)

बेसूर_बाबू

प्रतिसादाची छायाप्रत काढून ठेवली आहे.

नाना_फडतूस

१९८८ चा किस्सा कुणी सांगितला नाही अजून? दारू हाताबाहेर गेली म्हणून माल्कम दौरा अर्ध्यात सोडून स्वत:ला सावरायला गेला. त्याच्या जागी पुतण्या स्टीव्ही उभा राहिला. कितीतरी प्रेक्षकांना माणूस बदललाय हे कळलंच नाही म्हणे! माल्कम दारू सोडून परत आला आणि पुतण्या निमूटपणे बाजूला झाला. मग २०१४ मध्ये काका कायमचा थांबला तेव्हा पुन्हा तोच पुतण्या.

आपल्याकडे 'काका मला वाचवा' म्हणणाऱ्या पुतण्याचं काय झालं ते माहीत आहे. इथे काकाला पुतण्याने वाचवलं आणि गादीवरून भांडणही नाही. हे आपल्या इतिहासात बसत नाही, राजकारणात तर नाहीच.

रस्त्याच्या_कडेने

आणि पुतण्या तरी केवढा? स्टीव्हीचा जन्म डिसेंबर १९५६ चा, अँगस मार्च १९५५ चा. काका-पुतण्यात पावणेदोन वर्षांचं अंतर. आठ भावंडांच्या घरात असंच होतं. माझ्या आईचा मामा तिच्याहून चार महिन्यांनी लहान होता आणि तरी पाया पडून घ्यायचा.

मंद्रसप्तक

पण मग १९८८ चा किस्सा माझ्या प्रश्नाच्या मुळावरच येतो ना? बदली माणूस आला आणि लोकांना कळलं नाही, तर माल्कमचं वेगळेपण कुठे राहिलं?

पेटीवाली

उलट आहे. कळलं नाही यासाठीच पुतण्याला उभं केलं. त्याच घरात, त्याच हाताखाली कान तयार झालेला माणूस. लेहरा धरणारी बदलली हे तबलजीला पहिल्या आवर्तनात कळतं. श्रोत्यांना कळू नये, अशी बदली असावी लागते. अँगसला कळलंच असणार.

जाईजुई

मी इथे सहसा फक्त वाचते. आज लिहिते.

माझे वडील भजनाला तबला वाजवायचे, चाळीस वर्षं. स्मृतिभ्रंश झाला तेव्हा जो तो म्हणायचा, 'संगीत शेवटपर्यंत राहतं हो, बघा.' आमच्याकडे तसं झालं नाही. आधी दादरा गेला. केरवा बराच काळ राहिला, पण दादऱ्याच्या सहाव्या मात्रेनंतर ते थांबायचे आणि हाताकडे बघायचे, जणू हात दुसऱ्याचा आहे. पहिल्या काळात त्यांना स्वत:ला हे कळत होतं, आणि तोच भाग सगळ्यात वाईट होता. रात्री आम्ही झोपल्यावर उशीवर बोटांनी सराव करायचे. उशीवर, आम्हाला ऐकू येऊ नये म्हणून. मी जागी असायचे.

माल्कमबद्दल वाचलं होतं की २००८ च्या 'ब्लॅक आइस' अल्बमच्या सुमारासच त्याला विसरायला होऊ लागलं होतं आणि त्या दौऱ्यात तो स्वत:चीच गाणी पुन्हा पुन्हा बसवायचा. ज्याने तो रिफ बांधला तोच रिफ तो शिकत होता. दौरा पूर्ण केला. २८ जून २०१० ला स्पेनमधल्या बिल्बाओत त्याचा बॅण्डबरोबरचा शेवटचा कार्यक्रम झाला. समोरच्या लोकांना काही कळलं नाही. तुम्ही वर लिहिलंय ना, गेन कमी ठेवला की हात उघडा पडतो. ते वाचून मी थोडा वेळ लॅपटॉप बंद करून बसले.

अँगसने सांगितलंय की शेवटच्या काळातही तो जाऊन गिटार वाजवून दाखवायचा आणि माल्कमला आनंद व्हायचा. वडिलांपाशी मी केरवा धरायचे. मला नीट येत नाही. त्यांना ते कळायचं, कारण कपाळावर आठी पडायची. त्या आठीची मला गोडी होती.

आभा_

जाईजुई ताई… काही लिहीत नाही. फक्त वाचलं हे कळावं म्हणून.

खवचट_काका

जाईजुई, आठीचं वाचलं. नमस्कार.

सहा_तारा

जाईजुई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. माझं ते वाक्य मी वाद्याबद्दल लिहिलं होतं.

दक्षिणायन

२८ नोव्हेंबर २०१७ ला सेंट मेरीज कॅथेड्रलमध्ये अंत्यविधी झाला तेव्हा मी कामाच्या मधल्या सुट्टीत बाहेर जाऊन उभा राहिलो होतो. काळे टी-शर्ट घातलेले साठीचे बाप्ये, शेजारी कोट-टायवाले. जॉर्ज त्याच वर्षी २२ ऑक्टोबरला गेलेला. चार आठवडेही मध्ये नव्हते. एका घरातले दोन गेले आणि अँगस तिथे होता. त्या दिवशी तो गणवेशात नव्हता. मला तो ओळखायला क्षणभर लागला.

नाना_फडतूस

बॅण्डने तिथेच थांबायला हवं होतं असं माझं मत आहे. माल्कम नाही म्हणजे दुकान बंद. नंतर चाललं ते पाटीवर.

तोडीस_तोड

नाना, १९८० मध्ये बॉनच्या वेळीही हेच म्हणाला असतात, आणि तेव्हा थांबू नका म्हणणारा माल्कमच होता. २०२० चा 'पॉवर अप' अल्बम बघा. सगळी गाणी अँगस आणि माल्कम या दोघांच्या नावावर आहेत, कारण दोघांनी वर्षानुवर्षं साठवून ठेवलेल्या कल्पनांतून ती केली. अमेरिका, इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, तिन्हीकडे पहिला क्रमांक. माणूस जाऊन तीन वर्षं झालेली आणि त्याची भांडारातली शिधासामग्री अजून पुरतेय.

नाना_फडतूस

शिधा पुरतो हो. स्वयंपाकाचा हात कुठून आणणार?

तोडीस_तोड

पुतण्या!

नाना_फडतूस

:) बरं.

ओवी_

मला वाटतं मूळ प्रश्नाकडे यावं. 'तो नसता तर काय ऐकू आलं नसतं?' आपण सगळे त्याने काय वाजवलं ते सांगतोय. पण मंद्रसप्तक यांनी हेडफोनच्या एका बाजूने ऐकलं तेव्हा त्यांना माल्कम होता, अँगस नव्हता. उलटा प्रयोग कुणी केलाय का? फक्त अँगसची बाजू?

सहा_तारा

आत्ता केला. तीन गाणी ऐकली. रिफ वाजतोय तोवर अँगस एकटाही भक्कम आहे, दोघे तेच वाजवत असतात. पण तो सोलोला निघाला की त्या कानात जमीनच जाते. ड्रम आणि बेस आहेत, तरी गाणं अचानक अरुंद होतं. आणि सोलो ऐकताना माझा मीच मनात तो रिफ भरून काढत होतो. बहुधा इतकी वर्षं ऐकून तो डोक्यात बसलाय म्हणून.

मंद्रसप्तक

@सहा_तारा, मला वाटतं हेच मला हवं होतं. अपडेट: नवा हेडफोन काल आला. दोन्ही कानांनी ऐकलं. गाणं पूर्ण झालं, पण सवय अशी लागलीय की अँगस सुरू झाला की मान आपोआप दुसऱ्या बाजूला वळते. बायकोने विचारलं, मान धरलीय का?

खवचट_काका

सगळे एवढे मागे लागलात म्हणून मीही एक बाजू काढून ऐकलं. मला तर नुसता तो अर्ध्या चड्डीवाला ऐकू येतोय.

सहा_तारा

काका, चुकीचा कान. दुसरा लावा.

खवचट_काका

त्या कानाने मला तसंही कमी ऐकू येतं.

मंद्रसप्तक

मग हेडफोन उलटा घाला, काका.

रिकामटेकडा

जागा धरली होती. आता वाचायला घेतो.